गळतं ते सांध्यालाच : शेततळ्याच्या पाईपपासून मलिक अंबरच्या नहरीपर्यंत



मागच्या आठवड्यात दोघांनी विचारलं, "शेततळ्याच्या आउटलेटचा जॉइंट गळतोय, वरनं सोल्युशन लावू का सिमेंट टाकू?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं, दोन्ही नको म्हणून. पण ते का नको, हे कळायला मला स्वतःला तीन वेळा हात पोळावे लागले. आणि कारण समजलं ते जुन्या लोकांनी नळ कसे जोडले हे ऐकल्यावर आणि नंतर थोडं वाचल्यावर. म्हणून आज नोंद जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी माझी गोष्ट

आमचा सांगोला तालुका, डाळिंबाचा. शेततळं ३० बाय ३० बाय ३ मीटर, आत ५०० मायक्रॉनचा कागद. काठोकाठ भरलं की २२ लाख लिटरच्या आसपास पाणी. खालच्या अंगाला भरावातून तीन इंची पीव्हीसी पाईप काढलेला आणि बाहेर चेंबरात कॉक. भराव संपतो तिथं, कॉकच्या अलीकडे, पाईपला एक जॉइंट होता. सगळं रामायण त्या एका जॉइंटचं.

२०१८ साली पावसानं दगा दिला. तळं पाऊणच भरलं. हिवाळ्यात भरावाच्या पायथ्याला ओल दिसायला लागली. मी म्हटलं, असेल थोडं. वाफ तर होतेच ना. पण मन खाईना म्हणून एक साधी तपासणी केली, ती तुम्हीपण करा. प्लॅस्टिकची बादली पाऊण भरून दोरीनं बांधून तळ्यातच तरंगत ठेवली. बादलीत एक खूण आणि तळ्याच्या कडेला कागदावर एक खूण. बादलीतलं पाणी फक्त वाफेनं कमी होणार, तळ्यातलं वाफेनं आणि गळतीनं. दोन्हीतला फरक म्हणजे गळती. पाच दिवसांनी बघितलं तर तळं बादलीपेक्षा दिवसाला ६ मिलिमीटर जास्त उतरत होतं.

६ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. हिशोब केला. पाण्याचा पृष्ठभाग त्यावेळी २७ बाय २७ मीटर धरला तर दिवसाला ४,३०० लिटरच्या वर. मिनिटाला तीन लिटर. दोन महिन्यांत २ लाख ६० हजार लिटर. माझी ६०० झाडं, उन्हाळ्यात झाडाला दिवसाला ३० लिटर धरतो, म्हणजे बागेचं चौदा दिवसांचं पाणी. दुष्काळात चौदा दिवस म्हणजे काय हे इथं कुणाला सांगायला नको.

पहिली दुरुस्ती केली ती अशी : गळत्या जॉइंटवर पाणी पुसल्यासारखं केलं आणि वरनं सोल्युशनचा डबा रिकामा केला. आठ दिवस टिकलं. दुसऱ्यांदा दोन रंगांची मळून लावायची लांबी लावली आणि त्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. तीन आठवडे गेले. तिसऱ्यांदा डोकं फिरलं. म्हटलं आता कायमचाच बंदोबस्त करतो. दीड पोतं सिमेंट, वाळू, खडी. पूर्ण जॉइंट काँक्रीटमध्ये गाडून टाकला. महिनाभर थेंब नाही. मी गावभर सांगत फिरलो.

मार्चमध्ये एके दिवशी सकाळी चेंबर भरून वाहत होतं. जॉइंट जिथल्या तिथं काँक्रीटमध्ये मजबूत. पण काँक्रीट संपतं तिथं पाईपच करवतीनं कापल्यासारखा फुटला होता.

गावात एक तात्या आहेत. मुंबईत नळाच्या कामावर उभी हयात काढून गावी परतलेले. त्यांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आरं, ह्यो जॉइंट बांधलास का पुरलास? पाईपला हलायला जागा कुठं ठिवलीस?"

मी म्हटलं, "तात्या, पाईप कशाला हलतोय? जमिनीत गाडलाय की."

तात्या हसले. "गाडलेलाच जास्त हलतोय. बस हितं, सांगतो."

त्यांनी सांगितलं त्यातलं बरंच मी नंतर वाचून ताडून बघितलं. ते आता सांगतो.

मातीचे नळ आणि चुना

दोन नळ जोडायचे म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्यात घालायचं, ही युक्ती फार जुनी. मोहेंजोदडोला भाजलेल्या मातीचे असे नळ सापडलेत, एक टोक निमुळतं, दुसऱ्यात बसणारं. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीपासून माणूस सॉकेट करतोय.

पण एकात एक घातलं तरी फट राहतेच. त्या फटीत काय भरायचं, हाच सगळा इतिहास आहे. रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाचा बांधकामाचा जाणकार दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्यानं बांधकामावर दहा भागांचं पुस्तक लिहिलं, त्यातला आठवा भाग पाण्यावर. तो सांगतो, मातीच्या नळाचा सांधा कळीचा चुना तेलात मळून भरावा. आणि पहिल्यांदा पाणी सोडताना आधी आत राख टाकावी, म्हणजे एखाद्या सांध्याला लेप कमी पडला असेल तर राख तिथं जाऊन फट बुजवते. हे वाचून मला हसू आलं, कारण आपले ट्रक ड्रायव्हर रेडिएटर गळायला लागला की हळद टाकतात, ती हीच विद्या. पाणी स्वतःच भोक शोधतं, त्याच्याबरोबर बूच पाठवायचं.

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. नळ जिथं वळतो तिथं तांबडा दगड कोरून तो कोपर त्यात बसवावा, नाहीतर दाबानं सांधा सुटतो. म्हणजे दगडाची, आपल्या भाषेत काँक्रीटची, जागा त्यानं ठरवून दिली होती : वळणावर, आधार म्हणून. मी काय केलं, तर सरळ पाईपच्या सांध्यावर काँक्रीट ओतलं.

आपल्याकडचं : नहर, पाणचक्की, कात्रज

आता आपल्या मुलखात या. मलिक अंबरनं १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तीच पुढं औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. खडकाळ उंचावरचं शहर, पाण्याची मारामार. त्यानं १६१७-१८ च्या सुमारास नहर-ए-अंबरी करून घेतली. डोंगराच्या बाजूचं जमिनीतलं पाणी भुयारी वाटेनं उतारावर आणलं आणि शहरात खापरी नळांनी हौदाहौदांत वाटलं. ना मोटार, ना वीज. सगळं उताराच्या जोरावर. त्याच शहरात पुढं बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याला पाणचक्की झाली. तिथंही डोंगरातून काही किलोमीटरवरनं मातीच्या नळातून पाणी आणून ते उंचावरनं पाडलं आणि त्यावर पिठाचं जातं फिरवलं.

या नहरींच्या वाटेवर विटा-दगडाचे उभे मनोरे लागतात. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा वाटलं होतं, शोभेला असतील. ते शोभेचे नाहीत. नळात हवा कोंडली की पाणी धक्के मारतं आणि सांधे सुटतात. ती हवा बाहेर सोडायला आणि दाब मोडायला ते मनोरे. आपण उंचवट्यावर पाईपला एअर व्हॉल्व्ह बसवतो, काम तेच. पुण्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातनं शहरात पाणी आणलं. तो नळ म्हणजे चुन्यात बांधलेली दगडी वाट, आत माणूस शिरून साफ करू शकेल एवढी. तिलाही वाटेत उच्छ्वास ठेवलेत. शब्दच किती बरोबर आहे बघा.

या सगळ्या कामांत सांध्याला चुना. चुन्याचा गुण असा की तो सिमेंटसारखा एकदम ताठ होत नाही, थोडं हललेलं सहन करतो. आणि बारीक चीर पडली तर पाण्याबरोबर थोडा विरघळून पुन्हा त्याच चिरेत जमतो, चीर आपोआप बुजते. शंभरेक वर्षांत आपण चुना सोडला आणि सिमेंट धरलं. ताकद वाढली, पण हा गुण गेला.

मोटेचे टाके

शहरात नळ होते, पण शेतकऱ्याच्या विहिरीवर नळ कुठला? आमच्या आज्याच्या काळात मोट होती. चामड्याची मोट, तिला सोंड, वर कणा, नाडा आणि सोंदूर. तिथं पाईपचा जॉइंट नाही, पण टाके आहेत. गळती टाक्यातनं. मोट कोरडी पडून राहिली की टाके ढिले होतात आणि अर्धं पाणी वर येईपर्यंत विहिरीतच परत. चामडं भिजलं की फुगतं आणि टाक्याची भोकं आवळली जातात. म्हणून मोट आधी भिजवायची, आणि ती वाळून कडक होऊ नये म्हणून तिला तेल पाजायचं.

पुढं लोखंडी पत्र्याची मोट आली. पण सोंड? सोंड चामड्याचीच राहिली. कारण तिला दर खेपेला वाकावं लागायचं. जिथं हलणं आहे तिथं मऊच पाहिजे, हे त्या माणसांना कुणी शिकवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथं सांगितली पाहिजे. मोटेचे टाके घालणारा चर्मकार आणि नाडा वळणारा मातंग यांचं बलुतं ठरलेलं असायचं. त्या व्यवस्थेत अन्याय खूप होता, तिचं कौतुक मला करायचं नाही. ज्यांच्या हातामुळं पाणी वर येत होतं त्यांनाच पाणवठ्यावर लांब उभं केलं जायचं. पण गावाचं पाणी कुणाच्या हुन्नरावर टिकून होतं, हे विसरायचं नाही.

शिसं आणि ताग

आता लोखंडी नळ. इंग्लंडात लंडनच्या चेल्सी भागात पाणी पुरवणाऱ्या कंपनीनं अठराव्या शतकात बिडाचे नळ टाकले. सुरुवातीला दोन्ही टोकांना फ्लँज, मध्ये पॅकिंग आणि नटबोल्टनं आवळलेले. एकदम मजबूत. पण थंडीत लोखंड आकसतं, उन्हाळ्यात वाढतं. नळाला सरकायला जागा नाही, मग सांधे सुटायचे नाहीतर नळ तडकायचे. म्हणजे माझ्या काँक्रीटची गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी घडून गेली होती. १७८५ साली त्या कंपनीच्या थॉमस सिम्पसन या इंजिनियरनं त्यावर उपाय काढला : एका टोकाला घंटेसारखं रुंद तोंड, दुसरं टोक साधं, आणि मधल्या फटीत पॅकिंग. जुन्या खापरी नळाचाच सॉकेट, पण बिडाचा.

मुंबईला नळाचं पाणी आलं ते विहार तलावातनं, १८६० साली. नंतर १८९२ ला तानसा. त्या काळच्या मोठ्या बिडाच्या नळांना शिशाचे सांधे असत. तात्यांनी तरुणपणी असे सांधे स्वतः केलेत. त्यांनी सांगितलेली रीत अशी : आधी तागाचा पीळ फटीत ठोकून ठोकून बसवायचा. मग तोंडाला मातीची कड करून वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं गार झाल्यावर बोथट छिन्नी आणि हातोड्यानं गोल फिरत ते दाबत जायचं. शिसं मऊ, म्हणून नळ थोडा सरकला तरी तेही सरकतं. काही वर्षांनी पाझरायला लागलं तर खड्डा काढून परत चार ठोके द्यायचे, पाझर बंद. नवीन काही टाकायचं नाही.

मी विचारलं, "आन् फटीत पाणी असलं तर?"

तात्या म्हणाले, "पाण्यावर तापलेलं शिसं पडलं की फुटून तोंडावर उडतंय. म्हणून आमचा मुकादम फडकं घालून बघायचा. फडकं ओलं निघालं की काम बंद. ओल्यात जॉइंट करायचा नाय म्हंजे नाय."

आमच्या सोल्युशनला जीव जायची भीती नाही, म्हणून आपण ओल्यात बिनधास्त करतो. हा फरक.

साफेदा आणि सूत

पुढं गावात जीआय पाईप आले. आटे पाडलेले. हे आटे एका मापाचे असावेत हा विचार जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानं १८४१ साली मांडला. त्याआधी ज्या त्या कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याला बसत नव्हता. आज अर्ध्या इंची पाईपला एका इंचात १४ आटे आणि एक इंची पाईपला ११, हे माप त्याच घराण्यातलं. पाईपचे आटे सरळही नसतात, किंचित निमुळते असतात, १६ ला १ या हिशोबानं. म्हणून आवळत जाल तसं घट्ट होतं. आणि जास्त आवळलं की सॉकेट चिरतं, ते त्यामुळंच.

तरी नुसत्या आट्यावर पाणी थांबत नाही. म्हणून सूत आणि साफेदा. साफेदा म्हणजे शिशाची पांढरी पूड जवसाच्या तेलात मळलेली. तेल आणि पूड, रोमच्या चुन्यासारखंच. सूत भिजलं की फुगतं, मोटेच्या चामड्यासारखंच. फक्त साफेद्यात शिसं विषारी असतं, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाला तर नकोच. आता टेफ्लॉन टेप आहे. हे टेफ्लॉन १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला भलत्याच प्रयोगात अपघातानं सापडलं. टेप आट्याच्या दिशेनंच गुंडाळायची, उलटी गुंडाळली की आवळताना निघून येते.

याच काळात सिमेंटचे मोठे पाईप आले, त्यांना आपण ह्यूम पाईप म्हणतो. वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन माणसानं १९१० च्या सुमारास साचा गरगर फिरवून काँक्रीटचा पाईप करायची रीत काढली. आपल्याकडं वालचंद हिराचंद यांनी १९२६ ला इंडियन ह्यूम पाईप कंपनी काढली. वालचंद मूळ सोलापूरचे. या पाईपच्या सांध्यावर कॉलर चढवून फटीत सिमेंट भरायचे. मुरमाच्या जमिनीत ते चालून जातं. पण काळ्या रानात? काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून आकसते. पाईप वर खाली होतो आणि सिमेंटचा सांधा तडकतो. म्हणून रबरी रिंगचे सांधे आले. गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबर टिकाऊ केलं नसतं, तर आज ना रिंग असती, ना मी गुंडाळली ती ट्यूब.

एका डब्यात सगळं

आणि मग पीव्हीसी. जर्मनीत १९३० च्या दशकात त्याचे पाईप बनायला लागले. आपल्या रानात ते भरपूर आले १९८० च्या दशकात. जळगावला भवरलाल जैन यांनी १९८० साली पीव्हीसी पाईपचा कारखाना काढला, पुढं ठिबक आणलं. हलका पाईप, गंज नाही, दोन गडी अर्ध्या दिवसात एकर जोडतात. शेतकऱ्याचं भलं झालं यात वाद नाही.

पण याच वेळी सांध्याची विद्या गेली. चुना मळणारा, शिसं ओतणारा, सूत गुंडाळणारा, प्रत्येकाला हुन्नर लागायचा. आता सोल्युशनचा डबा आणि ब्रश. आपण समजतो सोल्युशन म्हणजे गोंद. गोंद नाही. ते पाईपचा वरचा थर विरघळवतं आणि दोन पाईप एकजीव करतं, एक प्रकारचं वेल्डिंगच. म्हणून ते पाण्यावर, चिखलावर, तेलकट पाईपवर बसत नाही. गळत्या जॉइंटवर बाहेरनं लावलं तर आतल्या फटीपर्यंत जातच नाही. आणि मोठ्या पाईपला दाब द्यायच्या आधी पूर्ण एक दिवस सुकू द्यावं लागतं. आपण काय करतो? पाळी आलेली असते, लाईट जाणार असते, पाच मिनिटांत मोटार चालू.

दुसरं, एकजीव झालेला सांधा सरकत नाही. पीव्हीसीचा ६ मीटरचा पाईप ३० अंश तापमान बदललं तर १२ मिलिमीटरच्या आसपास लांबी बदलतो. पहाटेचा गारठा आणि दुपारचं ऊन यात एवढा फरक उघड्या पाईपला सहज पडतो. एचडीपीई तर त्याच्या अडीच-तीन पट वाढतो. शंभर मीटरचा काळा पाईप उन्हात नागासारखा वाकडा होतो आणि संध्याकाळी सरळ होतो, ते त्यामुळं.

तिसरं म्हणजे पाचट पेटवून पाईपचं तोंड फुगवणं. सगळ्यांनी केलंय, मीपण. त्यात एका बाजूला पाईप पातळ होतो आणि सॉकेट गोल राहत नाही. सोल्युशन बारीक फट भरतं, मोठी फट नाही.

परत माझ्या जॉइंटकडं

आता हिशोब लावा. माझ्या तळ्यात ३ मीटर पाणी, म्हणजे दाब फक्त ०.३ किलो. पाईपवर छापलंय ४ किलो. दाबानं तो फुटणंच शक्य नव्हतं. तो फुटला हलण्यानं. नवीन भराव दोन-तीन वर्षं बसत असतो, खाली काळी माती, बाहेर उघड्या चेंबरात ऊन. भरावातला पाईप खाली दबत होता आणि काँक्रीटचा गोळा त्याला एका जागी धरून ठेवत होता. ज्या जागी धरलं तिथंच मोडलं. पहिल्या दोन दुरुस्त्या ओल्यात केल्या म्हणून गेल्या आणि तिसरी ताठ केली म्हणून.

तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. त्या उन्हाळ्यात ३०० झाडांवरची फळं कच्ची तोडून टाकली, झाडं तरी जगावीत म्हणून. उरलेलं पाणी भरावावरनं दोन इंची नळीच्या सायफननं खालच्या विहिरीत उतरवलं. त्यातलं काही मुरलं, पण बरंचसं हाती राहिलं. टँकरही घ्यावे लागले. बाग वाचली, वर्ष गेलं.

मे महिन्यात तळं रिकामं असताना काम केलं, तात्या खुर्ची टाकून शेजारी. भराव उकरून जुना पाईप काढला. भरावातनं जाणारा पाईप एचडीपीईचा अखंड एकच टाकला, आत मध्ये सांधाच नाही. तात्या म्हणाले, "सगळ्यात चांगला जॉइंट म्हंजे नसलेला जॉइंट." पाईपच्या बाहेरून पाणी वाट काढतं, म्हणून मध्यावर एक रुंद चकती चढवली आणि भोवती चिकण माती ओली करून थर देत धुमसली. आत कागदाला फ्लँज, दोन्ही बाजूंनी रबर आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले. एकच बाजू आधी आवळली की दुसरीकडं फट राहते. बाहेर कॉकला विटांचा आधार दिला, वजन पाईपवर लोंबकळू नये म्हणून. कॉकच्या पुढं सोल्युशन नाही, रबरी रिंगचा सॉकेट, आणि पाईप शेवटपर्यंत न ठोकता बोटभर मागं ठेवला, सरकायला. पुढं जिथं नव्वदचा एल्बो आहे, तिथं मात्र त्याच्या पाठीमागं काँक्रीट टाकलं. त्या रोमच्या माणसाचा तांबडा दगड.

तेव्हापासून दर वर्षी दसऱ्यानंतर आणि होळीच्या आधी बादलीची तपासणी करतो. बादली आणि तळं बरोबर उतरतंय.

शेवटी एवढंच

चुना-तेल, चामडं, ताग-शिसं, सूत-साफेदा, रबर. माल बदलत गेला, पण दोन कडक वस्तूंच्या मध्ये काहीतरी मऊ ठेवायचं, ही रीत दोन हजार वर्षं कुणी मोडली नाही. सोल्युशनला ते जमत नाही. त्याची जागा आहे, जमिनीत खोल, सावलीत, न हलणाऱ्या लाईनला ते उत्तम. पण भराव, काळी माती, ऊन आणि मोटारीचा धक्का जिथं आहे तिथं रिंग किंवा रबर-फ्लँज घाला. पैसे थोडे जास्त जातील. फळं तोडण्यापेक्षा स्वस्त पडतात.

ज्या दोघांनी विचारलं त्यांना सांगणं : आज तात्पुरतं ट्यूब बांधा, काही लाज नाही त्यात, मऊच आहे ती. पण पाणी उतरलं की कोरडं करून नीट करा. आणि एक हात जोडून विनंती, आतलं तोंड बंद करायला भरल्या तळ्यात उतरू नका. कागदावर पाय ठरत नाही, पाईपला ओढ असते. दोर आणि जुने टायर कडेला कायम बांधून ठेवा, आणि एकटं तर कधीच नको. पाणी परत मिळतं, माणूस मिळत नाही.

तुमच्या भागात जुने लोक सांध्याला काय भरत होते? कुणी डिंक म्हणतं, कुणी गुळाचं पाणी. घरात म्हातारं माणूस असेल तर विचारा आणि लिहून ठेवा. आमचे तात्या ऐंशीच्या पुढं आहेत, म्हणून मी लिहून ठेवलं.

राम राम.